फिल्टर धुतला आणि चेक इंजिनचा दिवा लागला (२०१३ एफआर-एस, बाहेरचा इनटेक)

गोदाकाठचा_पोऱ्या

नमस्कार मंडळी,

गाडी २०१३ची सायन एफआर-एस, सहा गिअरची मॅन्युअल, भडक केशरी. मुक्काम फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया. दोन वर्षांपूर्वी सेकंड हँड घेतली तेव्हा ६१ हजार मैल झाले होते, आता ७८ हजार आहेत. आधीच्या मालकानं एअर फिल्टरचा कंपनीचा काळा डबा काढून त्याजागी बाहेरचा इनटेक बसवलेला आहे. म्हणजे ॲल्युमिनियमची चकचकीत नळी आणि तिच्या टोकाला लाल कापडी फिल्टर, शंकूसारखा, उघडाबोडका. खरं सांगायचं तर मी गाडी त्या आवाजावरच घेतली. चार हजारांच्या पुढे आरपीएम गेला की असा काही घशातून सूर लावते की टेस्ट ड्राइव्हलाच व्यवहार झाला. भाव करायचा राहूनच गेला.

तर गेल्या शनिवारी पहिल्यांदा फिल्टर काढून धुतला. किटमध्ये एक क्लीनर आणि एक लाल तेलाची बाटली येते. धुतल्यावर पाणी काळं कुळकुळीत निघालं. बाल्कनीत वाळवला आणि मग तेल लावलं. इथं बहुतेक माती खाल्ली. मला वाटलं, तेल जितकं जास्त तितकी धूळ जास्त अडकणार, म्हणून अर्ध्याहून जास्त बाटली संपवली. बायको म्हणाली, "हा काय कांदाभजी तळून काढल्यासारखा दिसतोय." तरी बसवला.

मंगळवारी ऑफिसातून येताना दिवा लागला. कोड पी०१७१, सिस्टिम टू लीन, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. सिग्नलला उभी असताना आरपीएमचा काटा थोडा वरखाली होतो, सातशेवरून साडेआठशे, परत सातशे. चालवताना मधेच जरा अडखळल्यासारखी वाटते.

त्यात काल डीएमव्हीची (इथलं आरटीओ) नोटीस आली, यंदा स्मॉग, म्हणजे गाडीच्या प्रदूषणाची तपासणी, करायचंय. विकणाऱ्यानं स्मॉगचं सर्टिफिकेट दिलं होतं, त्यामुळे हा इनटेक चालतो असं मी धरून चाललो होतो. त्याला मेसेज केला, तर तो टेक्ससला गेलाय आणि उत्तर देत नाहीये. जवळच्या एका गॅरेजवाल्यानं गाडी न बघताच बाराशे डॉलरचा आकडा सांगितला.

प्रश्न असे: हे माझ्या तेलामुळे झालंय का? स्मॉगमध्ये अडकणार का? आणि इनटेक ठेवावा की काढावा? (शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मनासारखं आलं तर बरं.)

टर्बोतात्या

पी०१७१ म्हणजे ऑक्सिजन सेन्सर गेला. माझ्या कॅमरीला सेम झालं होतं. सेन्सर बदल, दीडशे डॉलरचं काम. स्मॉगवाले एवढं बघत नाहीत, बिनधास्त जा.

वारणेचा_वाघ

तात्या, माफ करा, पण ऑक्सिजन सेन्सरला हात लावू नका. तो बिचारा खरं बोलतोय म्हणून तर दिवा लागलाय.

पोऱ्या, तुला अरेतुरे करतोय, माझा थोरला तुझ्याच वयाचा असेल. मी सॅन होजेला असतो. तुझ्या गाडीची जुळी बहीण माझ्याकडे आहे, २०१३ची सुबारू बीआरझेड, नऊ वर्षं झाली. इंजिन तेच, दोन लिटरचं एफए२०, आणि त्यावर मी तीन वर्षं असलाच इनटेक लावून हिंडलोय. त्यामुळे सगळी पापं करून झालीत.

आधी तेलाचं. आमच्या मळ्यात ट्रॅक्टर होता, त्याला ऑइल बाथ एअर क्लीनर. खाली वाटी, वाटीत खुणेपर्यंत तेल. हवा त्या तेलावरून वळून जाणार आणि धूळ तेलात बसणार. उसाच्या दिवसांत आठवड्याला वाटी काढली की तळाला बोटभर गाळ. वडील एकच गोष्ट घोकून घ्यायचे: तेल खुणेच्या वर जाता कामा नये. एकदा मी गेलोच. इंजिननं ते वरचं तेल ओढून घेतलं आणि निळ्या धुरात अख्खी पाणंद दिसेनाशी झाली. मार खाल्ला ते वेगळं.

तुझ्या कापडी फिल्टरचं तत्त्व तेच. सुती जाळीला तेलाचा हात असतो, धूळ त्याला चिकटते. पण ट्रॅक्टरला पुढे नाजूक काही नव्हतं. तुझ्या गाडीत फिल्टरच्या लगेच पुढे मॅफ सेन्सर बसलाय. त्यात केसासारखी बारीक तापवलेली तार असते. वाहती हवा तिला गार करते आणि तिचं तापमान टिकवायला किती करंट लागला त्यावरून कॉम्प्युटर आत आलेल्या हवेचं वजन काढतो. त्या हिशेबानं पेट्रोल सोडतो. आता तारेवर तुझ्या भज्यांचं तेल उडून बसलं की तिला गोधडी पांघरल्यासारखं होतं. हवा जोरात जातेय पण तार तेवढी गार होत नाही. कॉम्प्युटरला वाटतं हवा कमी आली, म्हणून पेट्रोल कमी सोडतो. मागे ऑक्सिजन सेन्सर ओरडतो की मिश्रण पातळ आहे, मग कॉम्प्युटर वरून पेट्रोल वाढवत बसतो. ती वाढ हद्दीबाहेर गेली की पी०१७१.

पण नुसतं माझ्यावर विश्वास ठेवून खर्च करू नको, मोज. पंधरा-वीस डॉलरचा ब्लूटूथ ओबीडी रीडर घे, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा, आणि फोनवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघ, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय ते. एकदा गाडी गरम होऊन उभी असताना आणि एकदा तीन हजार आरपीएमला स्थिर धरून. मॅफ मळला असेल तर उभ्या गाडीत आकडा फार नसतो, आरपीएम वाढवला की वाढत जातो. उलट मॅफच्या पुढे कुठे फट असेल आणि तिथून न मोजलेली हवा शिरत असेल, तर उभ्या गाडीत आकडा मोठा आणि आरपीएम वाढला की कमी होतो, कारण एकूण हवेत त्या फटीचा वाटा घटतो. शून्याच्या आसपास पाच टक्के इकडेतिकडे असेल तर झोप लागायला हरकत नाही.

मॅफ साफ करायला मॅफसाठीच मिळणारा स्प्रे आण. ब्रेक क्लीनर नको, कार्ब क्लीनर नको, आणि कान साफ करायची काडी तर अजिबात नको. मी ती घातली होती. एकशे चाळीस डॉलर. इग्निशन बंद, प्लग काढ, दोन फुलीचे स्क्रू, सेन्सर बाहेर. लांबून दहा-बारा फवारे, बोट लावायचं नाही, तासभर आपोआप वाळू दे.

फिल्टर परत धू. पाणी आतून बाहेर सोड, नळाची धार बारीक ठेव. उलटं धुतलंस तर बाहेरची माती आत ढकलतोस. हेअर ड्रायर नको, कॉम्प्रेसरची हवा नको, जाळीची वीण फाकते. तेल लावताना प्रत्येक घडीच्या कडेवर एकच बारीक रेघ. मग वीस मिनिटं सोडून दे, कापड स्वतःच ओढून घेतं. जिथं फिकट डाग राहील तिथं थेंबभर. एवढंच. आणि दर महिन्याला धूत बसू नको. हे फिल्टर थोडे मळलेलेच बरं काम करतात.

आता स्मॉग. तात्यांचं ऐकून बिनधास्त गेलास तर परत येशील. कॅलिफोर्नियात २००० आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांच्या धुरांड्यात नळी घालत नाहीत, कॉम्प्युटरला वायर जोडतात आणि बोनेट उघडून डोळ्यांनी तपासतात. बाहेरच्या इनटेकवर एअर रिसोर्सेस बोर्डाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर लागतो, ईओ म्हणतात त्याला, आणि तो तुझ्याच मॉडेलला, तुझ्याच वर्षाला लागू असावा लागतो. व्हेइकल कोडचं कलम २७१५६. स्टिकर नसेल तर नापास, मग धूर कितीही स्वच्छ असो. विकणाऱ्याला सर्टिफिकेट कसं मिळालं? अरे बाबा, त्यानं स्मॉगच्या सकाळी मूळ डबा लावला असणार आणि संध्याकाळी परत काढला. तासाभराचं काम आहे, दहाचा पाना आणि स्क्रू ड्रायव्हर. म्हणून अशी गाडी घेताना पहिला प्रश्न: मूळ डबा कुठाय? माझा माळ्यावर होता, गणपतीच्या मखराशेजारी.

आणखी एक. दुरुस्ती झाली की उत्साहात कोड पुसू नको, बॅटरी काढू नको. पुसलंस की कॉम्प्युटरच्या आतल्या सगळ्या चाचण्या कोऱ्या होतात आणि त्या पुन्हा पूर्ण होईपर्यंत स्मॉगवाला गाडी घेणार नाही. तुझ्या वर्षाच्या गाडीला फक्त इव्हॅपची, म्हणजे पेट्रोलच्या वाफेची गळती बघणारी, चाचणी अपुरी चालते. वर परमनंट कोड म्हणून एक प्रकार असतो, २०१९पासून तोही बघतात, आणि तो तुझ्या रीडरनं पुसला जातच नाही. आजार बरा झाला की दोन-चार दिवसांत दिवा आपणहून विझतो. तेवढा धीर धर.

ठेवायचा की काढायचा? माझं सांगतो, पुढे तुझं तू. मी लॅपटॉप घेऊन मोजत बसलो होतो. जुलैत लिव्हरमोरला बाहेर ३८ अंश. सिग्नलला तीन मिनिटं उभा, तर उघड्या फिल्टरमधून आत जाणारी हवा ६३ अंश. फ्रीवेला लागल्यावर हळूहळू ४४. मूळ डबा लावून तोच रस्ता, तीच वेळ: उभा असताना ५२, चालताना ४२. मूळ नळी समोरून, रेडिएटरच्या वरून बाहेरची हवा घेते, उघडा शंकू इंजिनच्याच उकाड्यात श्वास घेतो. तीन अंशाला साधारण एक टक्का हवा विरळ होते, आता तूच गुणाकार कर. साडेतीन-चार हजारांच्या आसपास या इंजिनला जो दम लागतो, तो दोनशे हॉर्सपॉवरवाल्या सगळ्यांचं दुखणं आहे. इनटेकनं तो जात नाही. त्याला हेडर (इंजिनातून धूर बाहेर काढणाऱ्या नळ्या) आणि कॉम्प्युटरचं ट्यूनिंग लागतं, आणि त्याची स्मॉगची कटकट याच्या दसपट.

मग उरतो तो आवाज. त्यावर मी वाद घालणार नाही. सारॅटोगाहून हायवे नाइनवर चढताना रेडवूडच्या झाडीत तिसऱ्या गिअरला जो आवाज घुमायचा, त्यासाठी मी तीन वर्षं हे सगळं सोसलं. सोडला तो सप्टेंबर २०२०मध्ये. नऊ तारखेला इथं दिवसा आभाळ नारिंगी झालं होतं, आठवत असेल तुम्हाला. वणव्यांची राख आठवडाभर गाडीवर पडत होती. फिल्टर काढला तर घड्यांमध्ये राखेचा लगदा, तेलात कालवलेला, राखाडी पिठल्यासारखा. नळीच्या आतून रुमाल फिरवला तर त्यालाही बारीक करडा थर. त्या बाजूला काही असायलाच नको. कागदी फिल्टर बारीक धूळ जास्त चांगली अडवतो हे मला माहीत होतं, पण रुमाल बघितल्यावर पटलं. त्या संध्याकाळी माळ्यावर चढलो.

कात्रजचा_घाट

पुण्याहून लिहितोय. तुमच्याकडे राख, आमच्याकडे पाणी. पोऱ्या, तुझा फिल्टर बोनेटखाली आहे की बंपरच्या मागे खाली उतरलाय, ते बघ. आमच्या मावसभावानं त्याच्या हॅचबॅकला खाली उतरणारा इनटेक लावला होता, म्हणे तिथं हवा गार मिळते. मिळते की. २५ जुलै २०२४ला सिंहगड रोडला पाणी भरलं तेव्हा पाणीही गारच मिळालं. गाडी बंद पडल्यावर पठ्ठ्यानं वर दोनदा सेल्फ मारला. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकला.

तुमच्या इंजिनाचं गणित करून पाहिलं. १९९८ सीसी भागिले चार, म्हणजे सिलिंडरला साधारण ५०० सीसी. कॉम्प्रेशन साडेबारास एक. म्हणजे पिस्टन पूर्ण आत गेल्यावर उरलेली जागा ४३ सीसीच्या आसपास. पोहे खायचे तीन मोठे चमचे पाणी! कटिंग चहासुद्धा याहून जास्त असतो.

आणि इथल्या लोकांसाठी: साध्या पॉलिसीत हे बसत नाही, इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. मावसभावाकडे नव्हतं. आकडा सांगत नाही, मावशी हे फोरम वाचते.

टर्बोतात्या

वाघोबा, माझ्या कॅमरीला ऑक्सिजन सेन्सरच होता. असो.

गोदाकाठचा_पोऱ्या

काका, रीडर आणला. आज सकाळचे आकडे: उभ्या गाडीत +११, तीन हजारांवर +२२. तुम्ही सांगितलं त्यातलं नक्की कोणतं हे? दोन्हीकडे जास्त आहे.

फिल्टर बोनेटखालीच आहे, घाटभाऊ, जीव भांड्यात पडला. स्टिकर मात्र कुठेच नाही. नळीवरचं नाव शोधून कंपनीच्या साइटवर गेलो तर तिथं स्पष्ट लिहिलंय, फक्त रेसिंगच्या वापरासाठी. म्हणजे विषयच संपला.

वारणेचा_वाघ

दोन आजार आहेत. वर जाताना वाढतंय ते तेल. उभ्या गाडीतलं +११ एकट्या मॅफचं वाटत नाही, कुठेतरी फट आहे, त्यातूनच काटा वरखाली होतोय. आधी मॅफ धू, दोन दिवस चालव आणि परत मोज. मग नळीचे क्लॅम्प बघ.

आणि एक जागा खास बघ. या गाड्यांना कंपनीनंच इनटेकमधून डॅशबोर्डच्या मागे एक नळी नेलीय, इंजिनाचा आवाज आत ऐकू यावा म्हणून. त्यात पडदा असतो, हवा जात नाही, नुसता आवाज जातो. बाहेरचा इनटेक लावताना बरेच जण ती काढतात आणि उरलेल्या तोंडाला रबराचं टोपण लावतात. ते टोपण उन्हानं किती दिवस टिकणार?

गोदाकाठचा_पोऱ्या

मॅफ धुतल्यावर: उभ्या गाडीत +९, तीन हजारांवर +५. म्हणजे वरचं उतरलं, खालचं जागच्या जागी. मग ते टोपण शोधलं. नळीच्या खालच्या अंगाला होतं, वरून दिसतच नाही, फोनचा कॅमेरा घालून पाहिलं. वरवर साबूत होतं. बोटानं दाबलं तर चिरलेलं, जुन्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबसारखं. तात्पुरतं नवं लावलं, तीन डॉलर. आता उभ्या गाडीत +२, काटा जागचा हलत नाही. काल सकाळी दिवा आपोआप विझला. बाराशेवाल्याला काही कळवलेलं नाही.

मूळ डबा सॅन होजेच्या एका भंगारवाड्यात मिळाला, साठ डॉलर, झाकणाची एक क्लिप तुटलेली. समोरची नळी मात्र नव्हती त्यात.

वारणेचा_वाघ

शाब्बास. क्लिप वेगळी मिळते का बघ, तारेनं बांधू नको, झाकण एका बाजूनं उचललं की तिथून धूळ सरळ आत. समोरची नळी माझ्याकडे जादा आहे, शनिवारी येऊन घेऊन जा. पैसे नकोत, येताना चितळ्यांची बाकरवडी मिळाली तर बघ. डबा बसवल्यावर ती आवाजाची नळी परत जोड, थोडंफार समाधान होतं. कागदी फिल्टर नवाच घाल, भंगारातला नको.

गोदाकाठचा_पोऱ्या

डबा बसला, क्लिपही मिळाली, स्मॉग झालं, पास. तपासणाऱ्यानं बोनेट उघडून एक मिनिटभर पाहिलं आणि बंद केलं.

गाडी आता शहाण्या मुलासारखी चालते. काल माउंट हॅमिल्टनला जाऊन आलो, वर लिक वेधशाळेपर्यंत. वळणं तीच, पण रेडिओ ऐकू येत होता, हे जरा लागलं मनाला.

लाल फिल्टर धुऊन बाल्कनीत तुळशीच्या कुंडीशेजारी वाळत ठेवलाय, तेल न लावता. बायको विचारतेय, फेकून देऊ का. म्हटलं, थांब.